कुऱ्हाड लावण्यापूर्वी

मंडळी, आपल्या मराठीत 'रान' हा शब्द मोठा गमतीचा आहे. झाडाझुडपांनी भरलेले जंगल, तेही रान. आणि नांगरून-पेरून ठेवलेले शेत, तेही रानच. "धनी रानात गेलेत" असे घरची बाई सांगते, तेव्हा धनी शिकारीला गेलेला नसून उसाला पाणी धरायला गेला आहे, हे लहान पोरही जाणते. आपल्या वाडवडिलांच्या लेखी या दोन गोष्टी एकमेकींना परक्या नव्हत्या. एकाच जमिनीची ती दोन रूपे. एका रूपातून दुसऱ्या रूपात जमीन न्यायची, म्हणजे रान मोडून शेत किंवा कुरण करायचे, हे काम माणूस हजारो वर्षे करीत आला. आज आपल्याला याच कामाविषयी बोलायचे आहे. रान मोडावे कसे, आणि मोडलेल्या रानातून जे लाकूड निघते त्याचे करावे काय?

उदाहरणासाठी फार दूर जायला नको. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, दौंड तालुक्यातले पाटस गाव घेऊ. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी येथे विसावा घेते आणि मग रोटीचा घाट चढून बारामतीकडे जाते, म्हणून वारकऱ्यांच्या हे गाव पायाखालचे आहे. उत्तरेला भीमेचे खोरे, कालव्याचे पाणी, ऊस, साखर कारखाना. आणि घाट चढून दक्षिणेला गेले की सुप्याकडचा माळ. पाऊस बेताचा, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. अशा मुलखात घनदाट जंगल असण्याचे कारण नाही. तरीसुद्धा दौंडला काय, शिरूरला काय, पडीक जमीन, गायरान, ओढ्याचा काठ किंवा कालव्याची कड पाहाल तर माणसाला शिरता येऊ नये असे काटेरी रान माजलेले दिसते. हे रान वेड्या बाभळीचे. कोणी तिला चिलार म्हणते, कोणी नुसतेच काटवन म्हणते.

ही वेडी बाभूळ खरे म्हणजे बाभूळच नव्हे, आणि इथलीही नव्हे. तिचे मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे. १८७७ साली जमैकाहून बी आणून ते तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, कडप्पा भागात लावले गेले. पुढे १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला 'शाही झाड' म्हणून मान दिला. १९६० च्या सुमारास कच्छच्या बन्नी भागात खारे रण पुढे सरकू नये म्हणून तिची लागवड झाली. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. वाळू थोपावी, उजाड जमीन झाकली जावी, गरिबाच्या चुलीला जळण मिळावे, एवढाच तो होता. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळानंतर विमानातून बी फेकल्याची हकिकत जुनी माणसे सांगतात. बी कसेही आलेले असो, ते गावभर पसरवले मात्र शेळ्यामेंढ्यांनी आणि गुरांनी. शेंग गोड असते, गुरे ती आवडीने खातात, पण आतले टणक बी पोटात पचत नाही. ते शेणा-लेंड्यांतून बाहेर पडते आणि जिथे पडेल तिथे खतासकट रुजते. असा फुकटचा पेरणीवाला मिळाल्यावर झाड पसरायला किती वेळ लागणार?

आता हे झाड वाईटच आहे, असे एका दमात म्हणून टाकणे मला न्यायाचे वाटत नाही. पाऊस नसताना ते हिरवे राहते. चोपण जमिनीत उभे राहते. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिची चूल कित्येक वर्षे याच झाडाने पेटवली. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच्याखाली गवत जगत नाही. गायरान असून गावाला चराई नाही, अशी अवस्था त्यामुळे येते. ओढ्याच्या पात्रात ते माजले की पुराचे पाणी तुंबून शेतात शिरते. त्याचा काटा जनावराच्या खुरात आणि माणसाच्या पायात मोडला, तर जखम चिघळल्याशिवाय राहत नाही. तेव्हा पडीक रान वहितीला आणावे, गायरान मोकळे करावे, असे शेतकऱ्याला आणि ग्रामपंचायतीला वाटले तर त्यात चूक काहीच नाही. चूक होते ती घाईत. यंत्र आणायचे, दोन दिवसांत सगळे आडवे करायचे, ठेकेदाराला लाकूड उचलून न्यायला सांगायचे, आणि काम झाले म्हणायचे. मंडळी, माझे सांगणे असे की झाड पडले म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम नीट झाले नाही तर पहिले अर्धे फुकट जाते.

पहिली गोष्ट, झाड ओळखणे. आपल्यात म्हण आहे, सुक्याबरोबर ओलेही जळते. रान साफ करताना नेमके हेच होते. वेड्या बाभळीबरोबर देशी बाभूळ, हिवर, सौंदड, बोर, लिंब सगळे एका रांगेत जमीनदोस्त होतात. म्हणून तोडीच्या आधी एक दिवस रानातून फेरी मारावी आणि राखायच्या झाडांना चुन्याचा पट्टा ओढावा. देशी बाभळीचे फूल म्हणजे पिवळा गोल गोंडा, शेंग मण्यांच्या माळेसारखी मध्ये मध्ये आवळलेली, साल काळपट आणि भेगाळलेली. वेड्या बाभळीचे फूल बोटासारखे लांबट तुरा, शेंग पिवळसर आणि बरीचशी सरळ, बुंधा एक नसून बुडापासून चार-सहा फांद्या फुटलेल्या. हिवराची साल पांढुरकी, ती लांबूनही कळते. सौंदड, म्हणजे जिला आपण शमी म्हणून दसऱ्याला पुजतो, ती मात्र फसवते. कारण ती वेड्या बाभळीची सख्खी नातलग आहे, आणि तिचाही तुरा लांबटच असतो. तिथे काट्याकडे पाहावे. वेड्या बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीजोडीने येतात. शमीचे काटे आखूड असतात आणि फांदीवर पेऱ्यांच्या मधल्या जागेत विखुरलेले असतात. एवढी खूण मुलांना एकदा दाखवली की ती जन्मभर विसरत नाहीत.

झाड ओळखण्याला कायद्याचेही कारण आहे. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा आहे. साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, अंजन अशी काही झाडे त्याच्या यादीत आहेत. ही झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. "माझ्या बांधावरची चिंच, मी तोडीन नाहीतर ठेवीन" असे म्हणून चालत नाही. गायरान, रस्त्याची कड, कालव्याची कड, वनखात्याची जमीन यांवरचे झाड तर आपले नसतेच. तिथे ग्रामसभेचा ठराव आणि त्या त्या खात्याची मंजुरी आधी, कुऱ्हाड नंतर. लाकूड गाडीत घालून गावाबाहेर न्यायचे असेल तर वाहतुकीचा परवाना लागतो की नाही, हे वनपालाला आधी विचारून घ्यावे. एक खेप घालून हे काम होते. ते चुकवले तर भरलेली गाडी नाक्यावर अडकून पडते.

दुसरी गोष्ट, प्रत्यक्ष तोड. सुगी उरकल्यावर, थंडीच्या दिवसांत हे काम करावे. जमीन घट्ट असते, सापविंचवाचा वावर कमी असतो, आणि लाकूड सावकाश वाळते. झाड ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूने आधी खाच घ्यावी, बुंध्याच्या जाडीच्या चौथाई ते तिहाई इतकी. मग उलट बाजूने, त्या खाचेच्या थोडे वर, करवत लावावी. मधे बोटभर लाकूड बिजागरीसारखे राहू द्यावे, म्हणजे झाड नेमलेल्या बाजूलाच कलते. जवळ विजेची तार असेल तर झाडाला हात लावण्यापूर्वी वीज मंडळाच्या माणसाला बोलवावे. पायात जाड तळव्याचे बूट असावेत, चप्पल नव्हे. या गोष्टी साध्या आहेत, पण एखाद्या घरचा कर्ता माणूस अशा साध्या गोष्टीपायीच जातो.

मोठ्या झाडाच्या बाबतीत एवढे पुरे. वेड्या बाभळीचे मात्र निराळे. तिला जमिनीलगत तोडले तर ती मरत नाही, उलट जास्त फुटते. एका बुंध्याला पंधरा फोक येतात आणि दोन वर्षांत पूर्वीपेक्षा दाट जाळी उभी राहते. याचे कारण असे की नव्या फुटव्यांचे डोळे बुंध्याच्या जमिनीखालच्या भागात, बाजूची मुळे फुटतात त्याच्या वर, दडलेले असतात. तो भाग काढला नाही तर सगळी मेहनत वाया. म्हणून बुंध्याभोवतीची माती उकरून वीत-दीड वीत खाली मूळ तोडावे आणि बुडखा उपटून काढावा. यंत्राने हे झटपट होते, पण यंत्र जमीनही खोलवर चाळवते. मग वर्षानुवर्षे निजलेले बी वर येते आणि पहिल्या पावसाला सगळीकडे रोपेच रोपे दिसतात. यंत्र वापरायचे तर जरूर वापरावे, पण पुढच्या पावसाळ्यात ती रोपे हाताने उपटायची तयारीही ठेवावी. रोप वीतभर असते तोवर पोरसुद्धा ते उपटते. दोन वर्षांनी त्याला कुदळ लागते.

आता लाकडाकडे येऊ. पडलेल्या रानाचा एकच ढीग करू नये, चार करावेत.

पहिला ढीग सरळ आणि जाड खोडांचा. देशी बाभूळ असेल तर काय सांगावे! आपल्या देशावरची सगळी शेती तिच्यावर उभी होती. बैलगाडीचे चाक, नांगराचे खोड, रुमणे, जू, कुळव, पाभर, कुदळ-कुऱ्हाडीचे दांडे, सारे बाभळीचे. आज गाडी रबरी टायरची झाली आणि नांगर ट्रॅक्टरचा झाला, तरी चांगल्या दांड्याला अजून बाभळीला तोड नाही. वेड्या बाभळीचे जुने, जाड खोडही टाकाऊ नव्हे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. तिचे आतले तांबूस लाकूड कठीण असते आणि वाळताना फार आकसत नाही, फारसे वाकत-पिळवटत नाही. तिच्या अमेरिकेतल्या भावंडांच्या लाकडाच्या तिथे खुर्च्या, मेजे आणि घरातल्या फरशा करतात. अडचण एवढीच की तुकडे आखूड आणि वाकडे मिळतात. म्हणून पाट, स्टूल, खुंट्या, अवजारांचे दांडे, गोठ्यातल्या मेखा अशा आखूड कामांसाठी ते वेचून काढावे. वीतभर किंवा त्याहून जाड खोड चुलीत घालणे म्हणजे शाळू दळून गुरांना घालण्यासारखे आहे.

मात्र ताजे लाकूड लगेच कामाला घेऊ नये. ओल्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणी असते. ते पाणी निघून जाताना लाकूड तडकते. जुने सुतार बाभळीचे ओंडके काही महिने तळ्यात किंवा ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवीत. त्यामागे मोठे शहाणपण होते. लाकडातला रस, म्हणजे किड्याचे खाद्य, पाण्यात धुऊन जाते आणि मग भुंगा त्याला फारसा लागत नाही. पाण्यातून काढल्यावर, किंवा पाणी नसेल तर थेट, लाकूड सावलीत रचावे. जमिनीवर टेकवू नये. खाली दगड, थरांच्या मध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे वारा खेळतो. दोन्ही टोकांना शेण किंवा जुना रंग फासावा, कारण पाणी टोकांतून लवकर उडते आणि भेगा तिथूनच सुरू होतात. इंचभर जाडीच्या फळीला एक वर्ष, असा ठोकताळा धरावा. घाई करणाऱ्याचे दार पावसाळ्यात लागत नाही आणि उन्हाळ्यात त्यातून चांदणे दिसते.

दुसरा ढीग मनगटाएवढ्या फाट्यांचा. हे जळण. तेही वाळवूनच वापरावे. ओले लाकूड जाळणारा आधी त्यातले पाणी उकळत असतो. धूर डोळ्यांना आणि उष्णता आभाळाला. तिसरा ढीग काटेरी डहाळ्यांचा. त्यातून कुंपण होते, आणि ज्या रोपांना शेळ्यांपासून वाचवायचे त्यांच्याभोवती आळे होते. उरलेला पाला आणि बारीक काटक्या पेटवून देण्याची आपल्याला फार सवय. त्यापेक्षा उतारावर आडव्या ओळी करून ठेवल्या तर पावसाचे पाणी अडते आणि माती तिथेच राहते. यंत्र मिळत असेल तर भुगा करावा. त्या भुशाच्या कांड्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, आणि कारखान्यांच्या बॉयलरमध्ये तो जळतो. चौथा ढीग शेंगांचा. पिवळ्या शेंगा गोळा करून, कडक वाळवून, बारीक दळल्या तर बी मरते आणि पीठ पेंडीत मिसळता येते. पण थोडेच मिसळावे. नुसत्या शेंगांवर ठेवलेल्या जनावराचे जबडे दुबळे होतात. दळलेली एक पाटी शेंग म्हणजे हजारो नवी झाडे उगवण्याआधीच आवरली, असे समजा.

आता ज्या गोष्टीशिवाय हे भाषण पुरे होणार नाही, ती सांगतो. वेड्या बाभळीच्या लाकडाचा मोठा वाटा आपल्याकडे कोळशाच्या भट्टीत जातो. भट्टी तुम्ही पाहिली असेल. लाकडे रचायची, वर गवत-पाला, त्यावर ओली माती थापायची आणि आतून धुमसत ठेवायची. कित्येक दिवस रात्रंदिवस पहारा. माती कुठे फुटली आणि वारा आत शिरला तर कोळशाची राख होते. साध्या मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडामागे कसाबसा एक किलो कोळसा हाती येतो. हे धुराचे काम करायला बहुधा कोकणातून, रायगड जिल्ह्यातून, कातकरी कुटुंबे येतात. दिवाळीनंतर घर सोडायचे ते पावसाच्या तोंडाशी परतायचे. कातकरी हे नावच मुळी कातावरून पडले. खैराच्या लाकडापासून कात काढणारी ही माणसे. त्यांचा खैर गेला, जंगल गेले. आणि आज ती परक्या मुलखात, परक्या झाडाचा कोळसा पाडीत बसली आहेत. बरोबर लेकरे असतात. शाळा सुटलेली असते.

ही माणसे येतात ती बहुतेक उचल घेऊन. उचल म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या मुलखात मी वेगळे सांगायला नको. अडीअडचणीला पावसाळ्यात पैसे घेतले, ते अंगमेहनतीने फेडायचे. वही ठेकेदाराकडे, बेरीज ठेकेदाराची. हंगाम संपला तरी कधी कधी बाकी संपत नाही. मंडळी, वहीतली न संपणारी बाकी म्हणजे काय, हे भीमथडीच्या माणसाला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज आहे काय? इथून घाट चढला की सुपे. १२ मे १८७५ रोजी त्याच सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या विरुद्ध उठले आणि कर्जाची खतपत्रे त्यांनी जाळली. ते लोण शिरूर तालुक्यातही पोहोचले. इतिहासात ते दख्खनचे दंगे म्हणून नोंदले गेले, आणि १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्यांचे पणजे-खापरपणजे त्या खतपत्रांखाली दबले होते, त्यांच्याच शिवारात आज दुसरा कोणी तशाच वहीखाली दबत असेल, तर तिकडे पाठ फिरवणे आपल्याला शोभत नाही.

यावर उपाय काय? शेतकरी म्हणेल, "लाकूड मी ठेकेदाराला दिले, माणसे त्याची." पण जमीन आपली असते, झाड आपले असते. सौदा ठरतो त्या दिवशी चार गोष्टी विचारता येतात. मजुरी किती आणि कोणाच्या हातात पडणार? पिण्याचे पाणी कोण देणार? मुले कोणत्या शाळेत बसणार? आणि माणसे मनात येईल तेव्हा घरी जाऊ शकतात ना? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर ती मजुरी नव्हे, वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आणि तिच्यापोटी दाखवलेले कर्जही रद्द ठरले. तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे तक्रार कोणालाही करता येते. गायरानाचा लिलाव असेल तर ग्रामपंचायतीने या अटी करारातच घालाव्यात. त्याच करारात गावातल्या भूमिहीन बायांसाठी फाट्यांचा एक वाटा राखून ठेवावा. कारण रान साफ होते तेव्हा त्यांचे जळणही साफ होते, आणि ठरावाच्या कागदावर त्यांची सही बहुधा नसते.

आता शेवटची गोष्ट, मोकळी झालेली जमीन. जमीन उघडी राहत नाही. तुम्ही तिला पांघरूण दिले नाही तर ती स्वतः शोधते, आणि तिला पहिल्यांदा सापडते ती पुन्हा वेडी बाभूळच. वहितीला आणायची असेल तर त्याच पावसाळ्यात पेरा करावा. ताग किंवा मटकीसारखे जमीन लवकर झाकणारे पीक बरे. गायरान असेल तर गवत लावावे. मारवेल आहे, अंजन गवत आहे, पवन्या आहे. हे गवत या मुलखाला नवे नाही. मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली भीमथडी तट्टे ज्या खोऱ्याच्या नावाने ओळखली गेली, तेच हे खोरे, आणि त्याचे खरे वैभव गवत हेच होते. सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण माळावरच्या चिंकारा हरणांना तो मोठा आसरा आहे. तिथे जाऊन पाहाल तर कळेल की माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. धनगराची मेंढी, चिंकारा, लांडगा, माळढोक नसला तरी चंडोल आणि तित्तिर, सगळे त्या गवतावर जगतात. म्हणून काटवन काढून तिथे लगेच दाट झाडी लावायचा अट्टाहासही करू नये. ओढ्याकाठी झाडे, बांधावर झाडे, आणि माळाला गवत, हे इथल्या पावसाला पेलणारे गणित आहे. तीन वर्षे दर पावसाळ्यात एकदा फिरून नवी रोपे उपटावीत. पहिल्या दोन वर्षांत गुरे मोकळी सोडू नयेत, चारा कापून न्यावा. गवत एकदा धरले की ते स्वतःच राखण करते.

शिक्षक बंधू-भगिनींना दोन कामे सुचवतो. तुमच्या गावात रान साफ करायचे ठरले असेल तर तोडीपूर्वी मुलांना घेऊन झाडांची खानेसुमारी करा. कोणते झाड, किती, कोणाच्या जागेत, त्यावर घरटे आहे काय, एवढे चार रकाने पुरेत. तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवा. मोठी माणसे जे सहज विसरतात ते मुलांच्या तोंडून ऐकल्यावर विसरता येत नाही. दुसरे काम असे. तोड झाल्यावर ताज्या लाकडाचा बरोबर एक किलोचा तुकडा शाळेत आणा. महिन्यातून एकदा त्याचे वजन करा आणि फळ्यावर मांडा. वजन उतरायचे थांबेल तेव्हा ते लाकूड हवेच्या मानाने वाळले. किती पाणी होते, किती दिवस लागले, भेगा कुठे पडल्या, टोकाला शेण फासलेल्या आणि न फासलेल्या तुकड्यांत फरक काय, हे सारे मुले डोळ्यांनी पाहतील. आणि कोळशाच्या भट्टीवरची मुले गावात असतील तर त्यांनाही त्याच वर्गात बोलवा. लाकडाविषयी त्यांना जेवढे कळते तेवढे तुमच्या-माझ्या पुस्तकांत नाही. एक दिवस त्यांनी शिकवावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, यात शाळेचे काही उणे होणार नाही.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे आपण म्हणतो. कारण झाडाला तोडणारी कुऱ्हाड झाडाच्याच दांड्यावर चालते. पण दांडा बिचारा आंधळा असतो. तो धरणारा हात आंधळा नसावा, इतकेच. कोणते झाड ठेवायचे, लाकडाला कोणते काम द्यायचे, राबणाऱ्याला काय द्यायचे आणि जमिनीवर काय घालायचे, या चारांची उत्तरे आधी ठरवा आणि मग खुशाल कुऱ्हाड उचला. येत्या थंडीत ज्या गावांत हे काम निघेल, त्या गावांनी ग्रामसभेत ही चार उत्तरे लिहून घ्यावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.